झेलिपाचं रक्त

झेलिपा गोळ्या गिळत नाहीये, असं सिस्टर चांडा म्हणाली, तेव्हा झेलिपाला मातीत जाऊन वर्ष उलटत आलं होतं. एस्नार्टला आधी हसूच आलं. घशापर्यंत आलेलं हसू तिनं खोकल्यावर नेलं. पण या दवाखान्यात खोकला हसण्यापेक्षा वाईट, त्यामुळे बाकावरच्या दोघी तिच्यापासून सरकून बसल्या. "तिला सांग, बाना मापालो," सिस्टर म्हणाली. मुलीच्या नावानं, मापालोची आई म्हणून, सगळी वस्ती एस्नार्टला असंच हाकारायची. "तिला सांग, फुकट मिळतं म्हणून माजू नकोस. रक्तात किडा नुसता बुजबुजलाय. रोज गोळी घेणाऱ्या बाईचं रक्त असं येत नसतं. तुमच्या गटात तूच त्यातल्या त्यात शहाणी, म्हणून तुला सांगते. पुढच्या मंगळवारी तिला माझ्यासमोर आणून बसव. नाही आली तर ही तिची शेवटची बाटली." एस्नार्टनं मान हलवली. चार बाटल्या पिशवीत टाकल्या आणि बाहेर आली. पायऱ्या उतरताना तिच्या मनात एवढंच होतं की, मेलेल्या बाईनं गोळ्या गिळाव्यात म्हणून हे सरकार किती रागावतं, आणि जिवंत होती तेव्हा बाकावर अर्धा दिवस उन्हात बसवून ठेवायचे.

फाटकाबाहेर आंब्याच्या झाडाखाली ती नेहमीसारखी कापूस काढून बसली. गटाचा नियमच तो. चौघांपैकी दर महिन्याला एकानं यायचं, चौघांच्या बाटल्या न्यायच्या, म्हणजे बाकीच्या तिघांचा धंद्याचा दिवस वाचतो आणि त्या बाकावर तोंड दाखवणंही वाचतं. पण जो येईल त्यानं घरी निघण्याआधी प्रत्येक बाटलीत कापूस ठासायचा. कारण त्या बाटलीचा खुळखुळाट चावामा वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. मिनीबसमध्ये बाईच्या पिशवीतून तो आवाज आला की सगळ्या बसला एकदम खिडकीबाहेरचं दिसायला लागतं. कंडक्टरसुद्धा सुटे पैसे हातात न देता मांडीवर टाकतो. एस्नार्टनं पहिली बाटली उघडली, लवहनेसची. लवहनेस केस विणायची, गटातली सगळ्यात तरणी. दुसरी म्हाताऱ्या बा टेम्बोंची. तिसरी झेलिपाची. कापसाचा बोळा करंगळीनं आत ढकलताना करंगळी आतच राहिली. कोपराच्या खळगीत, सुई गेली होती तिथं, आता कधीच भरून आलेल्या जागी, काहीतरी चुरचुरलं. झेलिपाचं कसलं रक्त? झेलिपा माहेरी, पेटाऊकेच्या लाल मातीत. ते रक्त तर माझं.

तिनं ते स्वतःशी मोठ्यानं म्हटलं नाही. झाडाखाली केळी विकणारी बाई होती. पण ते म्हटल्यासारखं झालं. रक्त तिनं दिलं होतं इथल्या जुलैच्या थंडीत. आधीची सिस्टर बदलून गेली, ही नवी चांडा आली, आणि तिनं गटातल्या प्रत्येकाच्या रक्ताचा हिशेब मागितला. झेलिपाचं रक्त आलं नाही तर झेलिपाचं नाव जाणार होतं, आणि झेलिपाच्या नावावरच्या गोळ्या एस्नार्टचा धाकटा भाऊ मोफट गिळत होता. झेलिपाचा नवरा. मोफट येणार नाही, हे ठरलेलंच. आला असता तरी झेलिपा म्हणून पुरुषाचा हात कोण धरणार? मग एस्नार्ट गेली. रक्त घेणारा पोरगा वेगळ्या खोलीत, वेगळ्या खिडकीशी. कानात गाणी, डोळे सुईवर. "झेलिपा बांडा," तो म्हणाला. तिनं हात पुढे केला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. त्या वेळी तिला भीती वाटली ती पकडले जाण्याची, रक्ताची अजिबात नाही. तिचं रक्त स्वच्छ होतं! गेल्या नाताळात आधीची सिस्टर म्हणाली होती, "बाना मापालो, किडा दिसतसुद्धा नाही तुझ्यात," आणि सातवीच्या परीक्षेत पास झालेल्या पोरीसारखी ती घरी आली होती. लग्नाला जाणाऱ्या शेजारणीला आपलं चांगलं छापील चितेंगे नेसायला द्यावं, तसं तिनं आपलं स्वच्छ रक्त मेलेल्या भावजयीला उसनं दिलं होतं. आता शेजारणीनं ते डागाळून परत केलं होतं. पण शेजारीण कुठे होती? डाग आधीचाच होता.

मिनीबसमध्ये ती खिडकीकडेला बसली. ऑक्टोबरची धूळ तोंडात येत होती. आपली जीभ कशी लागतेय ते ती बघत होती, दातांवरून फिरवत होती, पांढरं काही लागतंय का. गिब्सनची जीभ पांढरी झाली होती. गिब्सन तिचा नवरा, ट्रकवर होता, तेव्हा या गोळ्या होत्या पण गोऱ्यांच्या देशात होत्या, आणि इथं ज्यांच्या घरी दोन गाड्या त्यांच्या कपाटात होत्या. आपल्यासाठी मोठ्या इस्पितळाच्या रस्त्यावर शवपेट्यांची दुकानं होती. ओळीनं. रंधा मारल्याचा वास, आणि लहान पेट्या पुढे मांडलेल्या, कारण त्या लवकर खपायच्या. तेव्हा रोगाचं नाव कुणी घेत नसे. कल्योंदेयोंदे म्हणायचे, म्हणजे झिजवणारा, आणि तेसुद्धा आवाज खाली करून. गिब्सन झिजला. शेवटी त्याच्या दंडाला तिचा हात पुरायचा, अंगठा आणि बोट भेटायची. त्याला ती पेज चमच्यानं भरवायची आणि तो म्हणायचा, घशात काटे आहेत. एक पावसाळा गेला, आणि चावामाच्या दवाखान्याबाहेर पाटी लागली, गोळ्या फुकट. एक पावसाळा! मंत्री येऊन फीत कापून गेला, फोटोत हसला. एस्नार्टला त्या हसऱ्या तोंडात शेण भरावंसं वाटलं होतं. पण ती रांगेत उभी राहिली, कारण मापालो कडेवर होती आणि भाऊ अजून शाळेत जात होता. त्या गोळीनं ती उठली. सलाउला विकायला लागली, परदेशी लोकांचे जुने कपडे, गाठोडं फोडल्यावर येणारा तो कुणाच्यातरी बंद कपाटाचा वास. गाठोडं उपसता उपसता एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण अख्खा दिवस मरणाचा विचार केला नाही. इतकी वर्षं ती त्या दिवसावर जगली होती. आता, बसमध्ये, शेजारच्या बाईचा दंड तिच्या दंडाला घासत होता, आणि तिला वाटलं, माझा दंड बारीक झालाय. कालपर्यंत झाला नव्हता.

का? मी चुकले कुठे? ती एकेक संध्याकाळ उपसायला लागली, गाठोड्यासारखी. गोळी संध्याकाळी, बातम्यांच्या वेळी. मग डोकं गरगरतं आणि झोपेत स्वप्नं येतात, इतकी रंगीत की सकाळी खरी खोली मळकी वाटते. त्या स्वप्नांत झेलिपा यायची, अपघाताच्या दिवशीचे कपडे घालून, आणि बसमध्ये जागा धरून ठेवलीय म्हणायची. झेलिपाच्या मयताच्या घरी चुकले का? झेलिपाची बस उलटली, प्रेत माहेरी नेलं, आणि बायका सगळ्या एका खोलीत जमिनीवर, खांद्याला खांदा. बाटली कशी उघडणार? पण तिथंही ती संडासाच्या कुडाआड जाऊन गिळून यायची, पाण्याशिवाय, आवंढ्यावर. मग उष्णतेनं गोळी मेली का? पत्र्याखाली ठेवते म्हणून? की सरकारनंच कमअस्सल पाठवली? तिला राग यायला हवा होता, तो येईना. नुसती भीती येत होती, आणि भीतीला वास होता, रंधा मारलेल्या लाकडाचा.

ती घरी गेली नाही. सरळ मोफटकडे गेली. तो शाळेतून येऊन दारात वह्या तपासत बसला होता, इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला, बनियनवर. वस्तीच्या शाळेत मास्तर, चर्चच्या गाणाऱ्यांत पुढे उभा राहणारा. झेलिपा गेल्यावर दोन महिन्यांत त्याच्या बरगड्यांवर नागीण उठली होती, आणि शर्ट वर करून त्यानं ती बहिणीला दाखवली होती, लहानपणी फुटलेला गुडघा दाखवायचा तशी.

"ये ताई. बाटली आणलीस?"

"झेलिपाचं रक्त खराब आलंय."

मोफट हसला. "मेल्यावरसुद्धा बाई शिस्तीत राहत नाही."

"माझं रक्त होतं ते, मोफट."

त्यानं लाल पेन वहीत ठेवून वही मिटली. मग तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला काय धाड भरलीय? चांगली गुटगुटीत दिसतेस. सिस्टरनं नळ्यांची अदलाबदल केली असेल. सरकारी काम."

"मंगळवारी झेलिपाला बोलावलंय. समोर."

"मग सांग, गावी गेली. पेटाऊकेला. कायमची." त्याला स्वतःचंच वाक्य आवडलं. "खोटं तर नाहीच ते."

"आणि तुझी गोळी?"

"फेबीच्या घरचे महिन्याभरात बोलणी करायला येतायत, ताई. नवी बायको करायची, आणि मी त्या बाकावर बसू? रविवारी मी सूर धरतो तेव्हा माझ्यामागे गाईल कोण?"

"सगळेच गातील. अर्धं चर्च त्या बाकावरच असतं. तुमच्या पास्टरची बायको आज माझ्या पुढे होती. तोंडावर चितेंगे ओढून. चपला कशा लपवणार?"

"जीभ आवर."

"फेबीला सांगितलंयस?"

त्यानं ते ऐकलंच नाही. "हे बघ," तो म्हणाला, आणि आवाज मऊ केला, धाकट्या भावाचा, ज्या आवाजावर तिनं आयुष्यभर शेंगदाण्याच्या कालवणातला मोठा वाटा दिला होता. "तुझी रक्ताची पाळी नाताळात आहे ना? तोवर थांब. काही असेल तर तुझ्या नावावर निघेल, बदलतील गोळी. मेलेल्यांना कशाला उकरायचं? आणि माझं काय, पूर्वीसारखं करू. तुझ्यातली. एक दिवस तू, एक दिवस मी. तेव्हा नाही का निभावलं?"

पूर्वीसारखं. एस्नार्ट दारातल्या ओट्यावर बसली. नागीण उठल्यापासून गटाला झेलिपाच्या नावावर पुन्हा बाटली उचलायला तयार करीपर्यंत बरेच महिने गेले होते. लवहनेस घाबरली होती. बा टेम्बो म्हणाले होते, "मेलेल्यांच्या नावावर मतं पडतात या देशात, चार गोळ्या पडल्या तर काय आभाळ कोसळतं?" आणि मग ठरलं होतं. पण ते ठरेपर्यंत मोफट तिच्या बाटलीवर जगला होता. एक संध्याकाळ ती, एक संध्याकाळ तो. तिला ते चुकल्यासारखं कधी वाटलंच नव्हतं! मघाशी बसमध्ये तिनं प्रत्येक संध्याकाळ उपसली, पण त्या संध्याकाळी तिच्या हाताला लागल्या नाहीत, कारण त्या तिनं चुकांच्या गाठोड्यात कधी घातल्याच नव्हत्या. पहिल्याच दिवशी सिस्टरनं घोकून घेतलं होतं, एक गोळी चुकली की किडा गोळीची चव शिकतो, मग गोळी त्याला खायला होते. एस्नार्टला ते पाठ होतं, प्रार्थनेसारखं. पण ते चुकवणाऱ्यांसाठी होतं. दारू पिऊन पडणाऱ्यांसाठी, पास्टरच्या मंतरलेल्या पाण्यावर भरवसा ठेवून बाटली संडासात ओतणाऱ्यांसाठी. वाटून खाणाऱ्यांसाठी ते आहे, असं तिला वाटलं नव्हतं. एका ताटातली मक्याची न्शिमा दोघांनी खाल्ली तर दोघं अर्धपोटी उठतात, मरत नाहीत. आईनं हेच शिकवलं होतं. ताट मधे, हात धुवा, धाकट्याला आधी.

"तूच खाल्लंस मला," ती म्हणाली.

"काय?"

"तूही खाल्ला गेलायस. एक आड एक. तुझाही किडा शिकला असेल." तिला आता स्वतःपेक्षा त्याच्या बनियनकडे बघून भीती वाटायला लागली, बरगड्यांवर नागिणीचा काळा पट्टा बगलेतून दिसत होता. "माझ्या रक्ताचा आकडा निदान मेलेलीच्या नावावर कळला. तुझं रक्त कुणी बघितलंय? झेलिपा म्हणून गिळतोयस, मेल्या, तुला कुणी ओळखत नाही त्या दवाखान्यात. तू मेलास तर त्यांच्याकडे कुणीच मेलं नसेल."

"हळू बोल. शेजारी आहेत."

"मी कापूस ठासला. इतकी वर्षं. अजून किती ठासू?"

"तू तिथं तोंड उघडलंस," मोफट म्हणाला, आणि आता तो आवाज भावाचा नव्हता, मास्तरचा होता, "तर मला बहीण नाही."

तिनं झेलिपाची बाटली पिशवीतून काढली, वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि निघाली. कापूस घातलेला होता. आवाज झाला नाही.

मंगळवारपर्यंत ती बाजारात बसली, कपडे विकले, भाव केले, एका बाईला जाकीट चढवून दाखवलं. आतून तिला सारखं काहीतरी ऐकू येत होतं, जात्यात बारीक दळल्यासारखं. रोज संध्याकाळी गोळी गिळताना तिला वाटायचं, मी त्याला चारा घालतेय. स्वप्नात झेलिपा आली ती बोललीच नाही. नुसतं एस्नार्टच्या जागेवर बसली. एस्नार्टनं नाताळपर्यंत थांबायचंही ठरवून पाहिलं. एक अख्खी सकाळ तिनं ते ठरवलेलं टिकवलं. मग गिऱ्हाइकाला सुटे देताना तिला आपलाच अंगठा आणि बोट दुसऱ्या मनगटाभोवती भेटलेली दिसली. मनगटाला ती कुणाचीही भेटतात. तरीही.

मंगळवारी बाक भरलेलं होतं. भिंतीवर तेच चित्र, पांढऱ्या दातांचं जोडपं, गोळी घ्या आणि आनंदी राहा. सिस्टर चांडा दारात आली.

"झेलिपा बांडा!"

कुणी हललं नाही. पास्टरच्या बायकोच्या चपला बाकाखाली होत्या, नवऱ्याच्या बाटलीसाठी आली असेल.

"झेलिपा बांडा! की गोळ्यांसारखी हाकही गिळत नाही?"

दोघी हसल्या. एस्नार्ट उठली.

"झेलिपा मेली," ती म्हणाली. "ते रक्त माझं आहे."

बाकावरच्या कुणीही वर पाहिलं नाही, आणि सगळ्यांनी ऐकलं. सिस्टरनं तिला दंडाला धरून आत ओढलं, दार लावलं.

"तुला कळतंय काय केलंस ते? मेलेली बाई माझ्या पुस्तकात औषधावर जिवंत आहे आणि तुझं स्वतःचं रक्त एक वर्ष जुनं आहे. तुम्ही लोकं मला तुरुंगात घालाल." ती खुर्चीत बसली, पुन्हा उठली. "गोळ्या कोण गिळत होतं?"

एस्नार्टच्या तोंडात मोफटचं नाव होतं, पाण्याशिवाय घेतलेल्या गोळीसारखं, विरघळत नव्हतं आणि खालीही जात नव्हतं. "माझा भाऊ. आधी माझ्यातली, एक आड एक. मग तिच्या नावावर."

सिस्टरनं पेन उचललं. मग म्हणाली, "नाव?"

"नाव तो सांगेल."

"तो येईल?"

"नाही."

"मग ऐक. नावाला गोळी देते मी, भुताला नाही. झेलिपाला आज मी मारतेय." तिनं पुस्तक ओढलं, एक रेघ मारली, बाजूला एक शब्द लिहिला. एस्नार्टच्या छातीत ती रेघ ओढली गेली. मयताच्या घरी ती बायकांत बसून गळा काढून रडली होती, ते सगळं रीतीचं होतं. खरी झेलिपा आत्ता गेली. "आणि तू, बाटली दे." सिस्टरनं झाकण उघडलं, कापूस उपसून कचऱ्यात टाकला, गोळ्या मोजून पुन्हा आत टाकल्या. "हात."

रबर आवळलं. नळीत रक्त चढताना एस्नार्टनं पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच दिसत होतं, लाल, काही वळवळत नव्हतं.

"गोळी बदलाल ना?"

"आधी हे येऊ दे. तुझ्या नावावर. मग पुन्हा एकदा. मग बदलू. दुसरी आहे."

"आणि तिच्यानंतर?"

सिस्टरनं सुईच्या जागी बोळा दाबला आणि तिचाच अंगठा त्यावर ठेवला. "तिच्यानंतर आपल्यासारख्यांसाठी फारसं काही नाही. ती सांभाळ."

"तोवर काय करू?"

"घाबर. पण गिळ."

ती बाहेर आली. बाकाकडे न बघता फाटकापर्यंत आली. आंब्याखाली थांबली नाही. पिशवीत बाटली वाजत होती, पावलागणिक, खुळ् खुळ्, आणि कापूस पलीकडच्या दुकानात टांगलेला होता, तो तिनं घेतला नाही. कंडक्टरनं पिशवीकडे पाहिलं, म्हणून ती बसमध्ये चढलीच नाही. चालत निघाली. बाजारातून गेली. केस विणणाऱ्या लवहनेसनं मान वर केली, चेहरा राखेसारखा, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात पुन्हा खुपसली. कोळसेवाल्यानं वाटेतून पाय घेतला, गरजेपेक्षा जास्त. एस्नार्टला शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की सिस्टरनं दिलेली भीती एकटीनं घरी नेता येणार नाही, ती एका माणसाला पोचवायची आहे, आणि वाटून घ्यायची सवय तिला नको तितकी होती.

शाळेच्या खिडकीला काच नव्हती. मोफट पाठमोरा, फळ्यावर लिहीत होता, शर्ट पाठीला चिकटलेला. ती खिडकीशी उभी राहिली. पिशवीतून बाटली काढून हातात धरली, एवढंच. वाजवायची नव्हती तिला. मुलांसमोर तरी नाही. पण हात थरथरत होता, कोपरापासून, त्या बोळ्यापासून, थांबेना, आणि बाटली आपोआप वाजायला लागली, बारीक, घाईघाईनं, जशी कुणी मुद्दाम वाजवणार नाही. पुढच्या बाकावरची एक पोरगी खुदकन हसली. मग मागच्या मुलांनी ऐकलं. एकेक बाक गप्प होत गेलं. या वस्तीतली मुलं, त्यांना कुणी शिकवायला लागत नाही.

मोफटचा खडू अक्षराच्या मधेच थांबला. त्यानं वळून पाहिलं नाही. त्याची मान मात्र लहानपणीसारखी खांद्यांत गेली. वर्गात आता दुसरा आवाजच नव्हता. मग त्यानं खडू खाली ठेवला आणि तो खिडकीकडे चालत यायला लागला. बाहेर यायला, की खिडकीची फळी लावून घ्यायला, ते एस्नार्टला त्याच्या तोंडावरून कळेना. हात तिला अजून थांबवता येत नव्हता.